नाकामागची गाठ

डॉक्टरीणबाईंनी गोजराबाईला डोळे मिटायला सांगितले तेव्हा जगदेवला वाटलं, आता कुठंतरी सुई टोचतील. त्याने तिचा हात धरला. पण बाईंनी टेबलाच्या खणातून एक लहान बरणी काढली, झाकण उघडलं आणि गोजराबाईच्या नाकाखाली धरली. कॉफी होती. मुलगा राजू खाली कागद काढायला गेला होता; दारापाशी उभ्या असलेल्या नर्सपर्यंत वास गेला.

"सांगा आजी, कशाचा वास आहे?"

गोजराबाईने एक डोळा किलकिला करून नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"डोळे मिटूनच सांगायचं," बाई म्हणाल्या.

"चहा हाय."

बाईंनी बरणी ठेवली आणि साबणाची वडी धरली. "आता?"

"तोच चहा असंन. दुसरं काय असनार हाय दवाखान्यात?" गोजराबाई हसली. हसता हसताच तिने डोळे उघडले आणि बाईंचा हात बाजूला केला. "राहू द्या बाई. मले लय वर्सांपासून काईच येत नाई. ना फुलाचा, ना शेनाचा."

अकोल्याच्या त्या खोलीत जगदेवला ही गोष्ट पहिल्यांदा कळली. उभा जन्म एका घरात काढला, एका ताटात नाही पण एका चुलीवरचं खाल्लं, आणि बायकोचं नाक गेलेलं त्याला ठाऊक नव्हतं. गावात कढईतली हळद शिजून 'आली' की नाही, हे ती वासावरून सांगायची. दुसऱ्यांच्या वावरातूनही तिला बोलावणं यायचं.

मग बाईंनी फोटो उजेडावर लावला. कपाळाच्या मागे, दोन्ही डोळ्यांच्या मधोमध, पेरूएवढा पांढरा गोळा दिसत होता.

"ही गाठ मेंदूतली नाही," बाई म्हणाल्या. "मेंदूवर जे आवरण असतं त्याची आहे. कॅन्सर दिसत नाही. हळूहळू वाढते. पण कवटी हाडाची असते, तिला पोटासारखं फुगता येत नाही. आत जागा तेवढीच. गाठ वाढली की मेंदूला दबून बसावं लागतं. वासाच्या नसा बरोबर हिच्याखाली आहेत, त्या आधी गेल्या. मग हा पुढचा भाग दबला. काय बोलावं, कुठं थांबावं, हे माणसाला तो भाग सांगतो. त्यांच्या स्वभावात फरक पडला होता का?"

जगदेवने फोटोकडे पाहिलं.

"कवापासून असंन ही?" त्याने विचारलं.

"आठ वर्षं, दहा वर्षं. जास्तही. नक्की सांगता येत नाही."

गोजराबाई खुर्चीत बसून पदराच्या टोकाशी खेळत होती. तिला फोटोत काही रस नव्हता. "झालं का?" ती म्हणाली. "भूक लागली मले."

ऑपरेशन नागपूरला झालं. गाठ पुरी निघाली, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. पण मेंदूला सूज चढली ती उतरली नाही. गोजराबाई शुद्धीवर आलीच नाही.

*

तेरवीच्या दिवशी सकाळपासून जगदेव ओसरीवर बसून होता. डोकं उघडं होतं. त्यांच्या घराण्यात रीत अशी, की बायको गेलेल्या माणसाने तेरा दिवस वावरात पाऊल टाकायचं नाही. तेराव्या दिवशी तिच्या माहेरचं माणूस येतं, त्याच्या डोक्यावर टोपी ठेवतं, खांद्यावर दुपट्टा टाकतं, तोंड गोड करतं. मग तो उठतो आणि कामाला लागतो. माहेरच्यांनी टोपी ठेवायची म्हणजे सांगायचं, की आमची लेक तुझ्या घरात नीट नांदली, आमचं तुझ्याकडे काही राहिलं नाही.

गोजराबाईच्या माहेरात आता एकच माणूस उरलं होतं. धाकटी बहीण लिलाबाई, कारंज्याकडच्या धनजला दिलेली. आणि लिलाबाईने स्वतःच्या पोरीच्या लग्नापासून या घराचं पाणी सोडलं होतं. बहिणीच्या मौतीला ती आली, पायाशी उभी राहिली, आणि रीतीचा कडू घास न घेता तशीच परत गेली.

"मी म्हनतो, कायले वाट पाह्याची?" राजू म्हणाला. तो मांडवाच्या दोऱ्या ओढून बांधत होता. "भावकीतल्या कोनी बी ठेवली टोपी तरी चालते. तिकडं हळद काढून पडली हाय. ढीग गरम होऊन राह्यला. उद्या-परवात शिजवली नाई तर कोंब फुटतीन."

"तुले हळदीचं पडलं," वर्षाराणी म्हणाली. ती राजूची थोरली बहीण, शेलूबाजारला दिलेली. आई दवाखान्यात असताना तिचे सगळे कागद तिने वाचले होते, फोनवर शोधून शोधून वाचले होते. नाकाचं तेवढं त्या कागदांत नव्हतं. "मावशी येईन. मी तिले सारं समजावून सांगितलं फोनवर. आई बोलली नाई, गाठ बोलली, असं सांगितलं."

"अन् मावशी काय म्हने?"

"काई नाई म्हने. आयकून घेतलं."

"मंग नाई येत ती."

"तू बेन्यावरून बोलला नसता तिले तर आली असती," वर्षाराणी म्हणाली. "आईनं लग्नात तमाशा केला, पन सुरुवात तुही हाय."

"खोटं बोललो का मी? दोन वर्स हळद कच्ची निंघाली. व्यापाऱ्यानं कांडी मोडून तोंडासमोर धरली माह्या, आत पांढरी. आपली कढई तीच, चूल तीच, मानसं तीच. बदललं काय होतं? बेनं. धनजचं, मावशीच्या घरून आनलेलं लावायचं बेनं. मी त्यावरून बोललो."

जगदेवला बोलायचं होतं. अकोल्यात कळलेलं नाकाचं त्याच्या जिभेवर होतं. पण ते सांगणं म्हणजे मेलेल्या बायकोला पोरांसमोर खोटी पाडणं. तो खांबाला टेकून बसून राहिला.

रूपा, राजूची बायको, आतून चहा घेऊन आली. "मामाजी, दोन घोट घ्या," ती म्हणाली. त्याने कप घेतला. घरातलं हे एकच माणूस असं होतं की जे कोणाच्या बाजूने बोलत नव्हतं. शेवटच्या वर्षात सासूने तिला सर्वांत जास्त छळलं होतं. दूध करपलं की रूपाच्या नावाने ओरडायची. दूध करपल्याचं सासूला कोणीतरी सांगितल्यावरच कळायचं, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नाही. सकाळी डोकं दुखायचं तर चष्मा बदलून आणला. अंघोळ टाळायला लागली तर वय झालं म्हणाले. एकच गंमत चार वेळा सांगून स्वतःच हसायची, तर म्हणाले, म्हातारपणी मोकळी झाली.

आणि खरंच मोकळी झाली होती. ते जगदेवने कोणाला सांगितलं नव्हतं. दिवाळीच्या आसपास एका तिन्हीसांजेला ती याच ओसरीवर बसली होती. तो वावरातून आला, चपला काढल्या. तशी ती म्हणाली, "तुमी अंगनात चपला काढता ना, त्याचा आवाज आला की मले बरं वाटते. लगनापासूनच वाटते." एवढंच. असलं काही ती जन्मात बोलली नव्हती. त्याने चपला उचलून भिंतीशी नीट लावल्या.

वर्षाराणी सकाळपासून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, आईचं शेवटचं बोलणं आईचं धरू नका, ती गाठ होती. तिने तसं सांगितलं की बायका मान हलवायच्या आणि जगदेव भिंतीशी लावलेल्या आपल्या चपलांकडे पाहत राहायचा.

*

जेवणाच्या पंगती उठत असताना जीप थांबली. लिलाबाई एकटीच उतरली. हातात कापडी पिशवी होती. ती अंगणात आली आणि तुळशीपाशी थांबली.

"मावशी, वर ये ना," वर्षाराणी धावली.

"इथंच ठीक हाय. भाऊजीले सांग, टोपी आनली हाय. पन ठेवायच्या आंदी मले एक इचारायचं हाय."

जगदेव उठून पायरीवर येऊन बसला. ती तुळशीच्या ओट्याला टेकली. तिची ठेवण बहिणीसारखी होती. कपाळ तर तेच. त्याने नजर खाली घेतली.

"भाऊजी, माह्या पोरीच्या हळदीत थोरली बाई काय बोलली ते तुमी आयकलं."

"आयकलं."

"भर मांडवात, व्याह्यासमोर. 'हळद जपून लावा बाप्पा, हिच्या घरचं बेनंच कच्चं असते.' अन् हासली. मी हात जोडले, तरी हासली. तीनदा बोलली तेच. माही पोरगी सासरी गेल्यावर वरीसभर तेच आयकत होती, कच्च्या बेन्याची म्हून."

"मावशी, ती गाठ..." वर्षाराणी पुढे झाली. "हे पाय, मडक्यात भोपळा वाढावा तसं असते ते. मडकं काई फुगत नाई. मंग आत जे काई हाय ते चेपून जाते. थांबायचं कुठी हे समजनारा भागच दबला होता तिचा. तुले बोलली ते ती नवतीच."

"हे तू फोनवर सांगितलं, बाई. मी हुशार नाई, पन समजलं मले." लिलाबाई शांतपणे बोलत होती. "तवापासून मी इचार करून राह्यली. ती नवती तर मंग कवापासून नवती? पोरीच्या लग्नात नवती. त्याच्या आंदी राजूनं मले फोनवर बेन्यावरून सुनावलं तवा ती बाजूले बसून आयकत होती, तवा होती का नवती? अन् या दिवाळीत तिनं मले फोन केला, तवा?"

"आईनं तुले फोन केला होता?" राजू म्हणाला.

"केला होता. मी बोलली नाई. नुसता कानाले लावून ठेवला. ती म्हने, 'लिले, गूळ-शेंगदाने ठुले तुह्यासाठी, घेऊन जाय.' मले वाटलं चिडवून राह्यली. फोन कापला मी. आता तुमी म्हनता गाठ बोलली. ठीक हाय, गाठ बोलली असंन तर मले झोप लागन. पन मंग माही बहीन शेवटी कवा बोलली माह्याशी, ते कोन सांगन मले?"

वर्षाराणीने इतकं वाचलं होतं, पण याचं उत्तर त्यात नव्हतं. मांडवाखाली कोणीतरी पत्रावळ्या गोळा करत होतं.

"सांगा ना, भाऊजी. साल सांगा."

जगदेवला वाटलं, आपणच विचारलेला प्रश्न दुसऱ्याच्या तोंडून ऐकू येतोय.

"साल डाक्टरीनबाईले बी सांगता नाई आलं," तो म्हणाला. "पन एक सांगतो. राजू, तू बी आयक. तुह्या मायचं नाक गेलं होतं. अकोल्यात तिनंच कबूल केलं. लय वर्सांपासून वास येत नवता तिले. हळद कच्ची निंघाली त्याच्याबी आंदीपासून."

राजूच्या हातातली दोरी तशीच राहिली. "मंग ती कढईपाशी कशी सांगायची, आली म्हून?"

यावर रूपा बोलली. दाराच्या चौकटीत उभी राहून, हळू आवाजात. "आत्याबाई मले बलवायच्या. 'रूपा, इकडं ये, माह्याजवळ उभी राय,' म्हनायच्या. अन् माह्या तोंडाकडं पाहत राहायच्या. मले वाटे, मले शिकवून राह्यल्या. मी नवीन होती, मले काय समजते हळदीचं? धूर डोळ्यात गेला की मी तोंड वाकडं करायची. तसं केलं की त्या म्हनायच्या, आली. चूल इझवा."

राजू मांडवाच्या खांबाशी खाली बसला.

"म्हनजे बेनं चांगलं होतं," तो म्हणाला.

"बेनं चांगलंच होतं," जगदेव म्हणाला. "अन् तिले ते मालूम होतं. नाक गेल्याचं कोनाले समजू नये म्हून ती गप बसली. तू लिलाबाईले बोलला, ते तिनं बाजूले बसून आयकलं. एक अक्षर बोलली नाई."

वर्षाराणी म्हणाली, "बाबा, तेबी गाठीमुळंच..."

"थांब वं," लिलाबाई म्हणाली. तिचा आवाज एकदम बदलला होता. "ते गाठीमुळं नाई. हासनं असंन गाठीचं. तीनदा बोलनं असंन. हे नाई. हे तिचं हाय."

ती तुळशीच्या ओट्यावर बसली. पिशवी मांडीवर घेतली.

"लहानी होती मी. मायची पितळी बालटी तिनं हिरीत पाडली. दोर निसटला हातातून. घरी आलो तर माय इचारते, बालटी कुठं. ही गप. एक शब्द नाई. मायले वाटलं मी पाडली. मले मारलं तिनं, चांगलं मारलं. ही तिथंच उभी, खांबाले धरून. सांजच्याले गोठ्यामागं आली अन् माह्या ओच्यात तिच्या वाट्याचे..."

लिलाबाई तिथेच थांबली. मग तिने पदर तोंडाशी नेला.

"काय, मावशी?" वर्षाराणीने विचारलं.

"गूळ-शेंगदाने," लिलाबाई म्हणाली. "तिच्या वाट्याचे. बोलली काईच नाई. दिले अन् निंघून गेली."

रूपा आत गेली. भांडी सरकवल्याचा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पितळेचा लहान डबा होता. "दिवाळीपासून फळीवर हाय," ती म्हणाली. "कोनाले हात लावू देत नवत्या. मी एकडाव झाकन उघडलं तर लय बोलल्या मले."

लिलाबाईने डबा घेतला. झाकण घट्ट बसलं होतं, राजूने उठून काढून दिलं. गूळ काळा पडला होता. शेंगदाण्यांना खवट वास सुटला होता, तो पायरीपर्यंत आला.

"खराब झाले, मावशी," राजू म्हणाला. "खाऊ नको."

"तिले थोडंच समजनार होतं, खराब झाले म्हून." लिलाबाईने चार दाणे उचलले, तोंडात टाकले आणि चावत राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण चावणं थांबवलं नाही. राजू तिच्यासमोर उभा राहिला. "मावशी, मी बेन्यावरून जे..." तो म्हणाला. तिने हातानेच त्याला गप केलं. पण नजर वळवली नाही त्याच्याकडे.

मग ती उठली. पायऱ्या चढून ओसरीवर आली. पिशवीतून पांढरी टोपी काढली, झटकली, जगदेवच्या डोक्यावर ठेवली. दुपट्टा खांद्यावर टाकला. पानातला शिरा बोटाने त्याच्या ओठांना लावला. रीतीप्रमाणे म्हणायचं ते म्हणाली, "आमची बाई तुमच्या घरी चांगली नांदली." रीतीचं बोलणं होतं, पण तिने ते सावकाश उच्चारलं.

जगदेवच्या मनात आलं, हिला विचारावं. चपलांच्या आवाजाचं. ही बहीण आहे, हिला कळेल. गोजरा लहानपणी असं कधी कोणाला काही गोड बोलली होती का, एवढंच विचारायचं. पण आसपास पोरं होती, भावकी होती, आणि या वयात माणूस असलं काय विचारणार.

"मावशी, थांब ना दोन रोज," वर्षाराणी म्हणाली. "हळद शिजवायची हाय. आजीनं तुमा दोघींलेबी शिकवलं होतं. तू सांगशीन, आली का नाई ते."

"नाई बाई. तिच्या कढईपाशी मी उभी राह्यली तर तुमी सारेजन माह्या तोंडाकडं पाहसान. मले ते सहन नाई होनार." लिलाबाईने डबा पिशवीत टाकला. "अन् राग काई गेला नाई माहा, हेबी सांगून ठेवते. पोरीनं वरीसभर आयकलं. राग हाय. पन आता तो माह्या बहिनीवर हाय, हे बरं झालं. मघापर्यंत कोनावर करू तेच समजत नवतं."

जीपवाल्याने हॉर्न वाजवला. ती गेली.

*

ऊन कललं तसा जगदेव उठला. टोपी सारखी केली, चपला घातल्या आणि तेरा दिवसांनी घराबाहेर पडला. राजू मागून म्हणाला, "बाबा, मी येतो संगं," तर त्याने मान हलवून नको म्हटलं.

वावराच्या कोपऱ्यात, आंब्याच्या सावलीत, हळदीचा ढीग पाल्याने झाकलेला होता. त्याने पाला सारला आणि आत हात घातला. ऊब लागली. राजू म्हणाला ते खरं होतं. बाजूला कढई पालथी पडली होती, गेल्या सालची काजळी तशीच. तिच्यापाशी एक दगड होता. त्यावर गोजराबाई बसायची. वारा कुठूनही आला तरी तिची जागा तीच.

त्याने एक कांडी मोडली आणि नाकाला लावली. कच्च्या हळदीचा, मातीचा वास आला. शिजल्यावर तो बदलतो, एवढं त्याला माहीत होतं. कितीदा तरी वाफेत उभा राहून त्याने तो घेतलाही असेल. पण नेमका कोणत्या क्षणी बदलतो, हे त्याने कधी शिकून घेतलं नव्हतं. तिला येत होतं, म्हणून.

लिलाबाईला तिची बहीण सापडली. खोटेपणात का होईना, सापडली. पोरांना आजार समजला. त्याच्याकडे एक वाक्य होतं, आणि ते कोणाचं ते सांगणारं कोणी नव्हतं. गोजराने केलेलं खोटं लहानपणापासूनचं होतं, म्हणून ते तिचं ठरलं. चपलांचं बोलणं ती एकदाच बोलली होती. त्याच्या आधी कधी नाही. पण "लगनापासूनच" असं ती म्हणाली होती. गाठ लग्नापासून नव्हती.

त्याने पाला पुन्हा ढिगावर ओढला.

अंधार पडायच्या आत तो घरी आला. अंगणात चपला काढल्या. एक काढली, मग जरा थांबून दुसरी. ओसरीवर कोणी नव्हतं. आत रूपा भांडी घासत होती, आणि राजू फोनवर कोणाला तरी हळद शिजवायच्या भाड्याच्या बॉयलरचं विचारत होता.

बॉयलर मिळाला नाही. कढई घासून ठेवायची होती, चुलीला लाकूड फोडायचं होतं, आणि हळद शिजली हे कोणी सांगायचं ते ठरायचं राहिलं होतं.